बरं वाटू लागल्यावर

चि. बाळास,


ताईचा फोन आला होता. तुझं क्रिएटिनिन १.२ वर टिकलंय, तोंडाला चव आलीय, पाणी मोजून प्यावं लागत नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण नोकरीची सगळी वर्षं किडनीच्या वॉर्डात गेली, त्यामुळे मला खरी काळजी आता वाटते. बरं वाटू लागलं की गोळ्यांत ढिलाई होते, आणि घात तिथेच होतो.

ताईने तुला दिलेली किडनी कितीही छान चालली तरी तुझ्या शरीराच्या लेखी ती परकीच राहणार. १९५४ साली बोस्टनला पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते हुबेहूब जुळ्या भावांत, म्हणून त्यांचं औषधांवाचून निभावलं. आई-मुलात जुळणी साधारण निम्मीच, म्हणून तुला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. त्यातली टॅक्रोलिमसची गोळी सकाळी नऊला घेतोस ना, मग रात्रीही नऊलाच. लग्न असो, प्रवास असो. रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, सुरू होतं तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही, आधी रक्तातच कळतं. म्हणून तपासणी चुकवायची नाही. औषधाची पातळी बघायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी डबीत घालून लॅबमध्ये ने आणि रक्त दिल्यावरच घे. आधी घेतलीस तर आकडा फुगून येतो, आणि त्यावरून नको तेव्हा डोस कमी केला जातो.

चेहरा गोल झाला म्हणून तू कॉलेजात जायला लाजतोस, असं ताई म्हणाली. राजा, तो स्टेरॉइडचा परिणाम आहे. डोस उतरेल तसा बराच ओसरेल. हात थरथरतात तेही डॉक्टरांना सांग. लाजेपायी परस्पर गोळी बंद करू नकोस. तुझ्या वयाच्या पोरांनी असं करून चांगली चालणारी किडनी घालवलेली मी पाहिली आहे.

सर्दी-खोकल्यालाही कुणी औषध लिहून दिलं तर आधी आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना विचार. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी टॅक्रोलिमसची पातळी चढते. टीबीवरच्या रिफाम्पिसिनने ती कोसळते. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नको. आजी मायेनं गुळवेलीचा काढा देईल. तो प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून देतात, आणि तुझी तर आपण मुद्दाम दाबून ठेवलीय. तिला मी समजावते.

ताप १०० च्या वर गेला, लघवी कमी झाली, पोटात खाली नवी किडनी बसवलीय तिथे दुखलं किंवा एका दिवसात किलोभर वजन वाढलं, तर सकाळ व्हायची वाट पाहू नकोस. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालू नकोस, लेप्टोची भीती असते. रस्त्यावरचा उसाचा रसही नको. साखर तपासत राहा; घरात कुणाला नसली तरी या औषधांनी मधुमेह होऊ शकतो.

शेवटचं, पैशांचं. औषधांचा खर्च दर महिन्याचा आहे आणि ताई तोंडाने कधी बोलणार नाही. महिनाअखेरीस हात आखडला तर गोळी अर्धी करू नकोस, स्वस्त मिळते म्हणून डॉक्टरांना न विचारता दुसऱ्या कंपनीची घेऊ नकोस. आधी मला फोन कर.

तुझी,
मावशी