डिजिटल रेडिओ : प्रक्षेपकापासून घरापर्यंत

रेडिओ हे दोन टोकांचे माध्यम आहे. एका टोकाला प्रक्षेपक असतो, तर दुसऱ्या टोकाला श्रोत्याच्या घरातील संच. पहिल्या टोकावरील खर्च अंदाजपत्रकात दिसतो. दुसऱ्या टोकावरील खर्च आणि परिश्रम असंख्य कुटुंबांत विखुरलेले असल्याने नियोजनात त्यांची सहसा मोजदाद होत नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांसाठी ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. कार्यक्रम चांगला असणे पुरेसे नसते, ऐकण्याचीही व्यवस्था लावावी लागते, हा त्याचा महत्त्वाचा धडा होता. डिजिटल रेडिओच्या बाबतीत हाच प्रश्न आज नव्या स्वरूपात उभा आहे.

गुंतवणूक आणि तिचा लाभ

मध्यम लहरी व लघुलहरींच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी आकाशवाणीने 'डिजिटल रेडिओ मॉन्डियाल' अर्थात 'डीआरएम' हे तंत्र स्वीकारले आणि देशभरात मध्यम लहरींचे ३५ डीआरएम प्रक्षेपक बसविले. मुंबई, पुणे, पणजी आणि पंजाबातील जालंधर ही त्यांपैकी काही केंद्रे होत. स्वच्छ ध्वनी, एकाच प्रक्षेपकावरून एकाहून अधिक कार्यक्रम, पडद्यावर मजकूर, तसेच आपत्तीच्या वेळी इशारा देण्याची सोय हे या तंत्राचे प्रमुख लाभ आहेत. मध्यम लहरींचा एक प्रक्षेपक अनेक जिल्ह्यांना पुरतो आणि श्रोत्यांची संख्या वाढल्याने त्याचा खर्च वाढत नाही. तथापि, जुन्या संचावर डिजिटल कार्यक्रम ऐकू येत नाही. त्यासाठी नवा संच लागतो आणि तो नीट वापरताही यावा लागतो.

येथेच एक मूलभूत फरक लक्षात घेतला पाहिजे. जुन्या रेडिओत संकेत क्षीण झाला की खरखर वाढते. ती ऐकून श्रोता संच फिरवतो, जागा बदलतो आणि बहुधा मार्ग काढतो. डिजिटल संचात संकेत ठरावीक मर्यादेच्या वर असेपर्यंत आवाज स्वच्छ येतो. मर्यादेखाली गेला की तो तुटू लागतो आणि मग एकदम शांतता पसरते. ही शांतता श्रोत्याला काहीच सांगत नाही. 'संच बिघडला' असा समज होऊन तो कपाटात जातो आणि त्याच्याबरोबर प्रक्षेपकावरील गुंतवणुकीचा तेवढा लाभही नाहीसा होतो.

मोहालीतील घराचे उदाहरण

चंदीगडला लागून असलेले मोहाली हे नियोजित शहर उदाहरणादाखल घेता येईल. देशातील अर्धवाहक चिपनिर्मितीचा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना येथेच १९८४ मध्ये उत्पादन करू लागला. अशा शहरातही रेडिओचे ग्रहण ठरते ते घराच्या भिंती आणि घरातील उपकरणे यांवरून. जालंधर येथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर, वायव्येस आहे. मध्यम लहरींना हे अंतर फार नाही. मात्र लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटने संकेत क्षीण होतो, तर एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि टीव्हीचा सेट टॉप बॉक्स यांतून निघणारा विद्युत गोंगाट त्यावर मात करतो. पुण्यातील वा ठाण्यातील सदनिकेची स्थिती याहून वेगळी नाही.

घरगुती संचाची तपासणी पुढील क्रमाने केल्यास बहुतेक अडचणींचे कारण सापडते.

१. वारंवारता : एकाच वेळी जुने व डिजिटल प्रक्षेपण चालू असते तेव्हा डिजिटल संकेत जुन्या वारंवारतेच्या शेजारी असतो. जालंधर केंद्राचा परिचित आकडा ८७३ किलोहर्ट्झ, पुण्याचा ७९२. केवळ जुना आकडा लावून डिजिटल कार्यक्रम मिळेलच असे नाही. संचाला डीआरएम पद्धतीवर ठेवून स्वयंचलित शोध करावा आणि डिजिटल प्रक्षेपणाच्या वेळा केंद्राकडून जाणून घ्याव्यात.

२. पडदा : पडद्यावर केंद्राचे नाव न उमटल्यास संकेत पोहोचत नाही किंवा वारंवारता चुकली आहे. नाव उमटले पण आवाज नसेल, तर संकेत पोहोचतो आहे, मात्र अपुरा आहे. नाव व तांत्रिक माहिती ध्वनीपेक्षा अधिक भक्कम रीतीने पाठविली जाते, म्हणून असे घडते. अशा वेळी संच सदोष मानू नये. जागा व दिशा बदलावी.

३. दिशा : मध्यम लहरींसाठी बहुतेक सुवाह्य संचांच्या आत फेराइटची आडवी कांडी असते. बाहेरची ताणता येणारी अँटेना एफएम व लघुलहरींसाठी असते. ती लांब केल्याने येथे फारसा उपयोग होत नाही. कांडी केंद्राच्या दिशेशी काटकोनात असताना ग्रहण सर्वांत चांगले होते. म्हणजे मोहालीत संचाची लांबी ईशान्य–नैऋत्य, तर पुणे केंद्र ऐकणाऱ्या साताऱ्यातील घरात पूर्व–पश्चिम असावी. त्यानंतर संच थोडा थोडा फिरवावा आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावे, कारण संकेत उलगडण्यास वेळ लागतो.

४. गोंगाट : संच चार्जरवरून काढून सेलवर चालवावा. आवाज सुधारला तर दोष चार्जरचा. सुधारला नाही तर घरातील उपकरणे एकेक करून बंद करावीत. या कामी जुना मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर उत्तम शोधक ठरतो. तो रिकाम्या वारंवारतेवर लावून घरात फिरवला असता ज्या उपकरणाजवळ घरघर वाढते तेच दोषी होय. संच खिडकीजवळ, या उपकरणांपासून दूर ठेवावा.

५. सेल : डिजिटल संकेत उलगडण्यास अधिक वीज लागते, म्हणून सेल लवकर उतरतात आणि उतरलेल्या सेलवर संच मध्येच बंद पडतो. पुन्हा भरता येणारे सेल किफायतशीर पडतात. संच दीर्घकाळ वापरात नसेल तर सेल काढून ठेवावेत.

रात्री दूरच्या केंद्रांचे संकेत वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन येतात. त्यामुळे दिवसा व्यवस्थित लागणारे केंद्र रात्री तुटक ऐकू येऊ शकते. तो संचाचा दोष नव्हे. डिजिटल कार्यक्रम काही सेकंद उशिरा पोहोचत असल्याने त्यावरील वेळसूचनेवरून घड्याळ मात्र लावू नये. या सर्व उपायांनंतरही कोणतेच केंद्र लागत नसेल, तरच दुरुस्तीचा विचार करावा.

मागणी, किंमत आणि धोरण

डिजिटल संचाची किंमत मुख्यतः त्यातील चिपवर अवलंबून असते आणि मोठी मागणी असल्याशिवाय चिप स्वस्त होत नाही. संच महाग म्हणून मागणी नाही आणि मागणी नाही म्हणून संच महाग, असे हे चक्र आहे. मोटारींच्या क्षेत्रात ते काही अंशी भेदले गेले, कारण तेथे संच वाहनाच्या किमतीत सामावतो. शेतमजुराच्या किंवा मच्छीमाराच्या घरी तसे होत नाही. वादळाच्या वेळी मोबाइलचे मनोरे बंद पडल्यास इशारा पोहोचविण्याची सर्वाधिक गरज मात्र याच घरांना असते. अशा घरी डीआरएममधील आपत्कालीन सोय असलेला संच कपाटात असेल, तर त्या सोयीला अर्थ उरत नाही.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण थांबविले. तेथील तंत्र वेगळे असले तरी निर्णयाची रीत अभ्यसनीय आहे. दररोज डिजिटल मार्गाने रेडिओ ऐकणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर पोहोचावे, अशी अट आधी ठरविण्यात आली होती. म्हणजे यशाचे माप प्रक्षेपकांच्या संख्येवरून नव्हे, तर श्रोत्याच्या टोकाला घेण्यात आले. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने खासगी डिजिटल रेडिओसंबंधी २०२४ मध्ये चर्चापत्र आणि २०२५ मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या. या धोरणाचा विचार करताना हेच माप उपयोगी पडेल.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रत्येक संचासोबत प्रादेशिक भाषेत एक पानाचे मार्गदर्शन, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिजिटल संचदुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम आणि ग्रामपंचायतींत प्रात्यक्षिके एवढ्या उपायांनी आरंभ करता येईल. प्रक्षेपकावर झालेला खर्च आता परत घेता येत नाही. तो सार्थकी लावण्याचा मार्ग घराच्या खिडकीत ठेवलेल्या, योग्य दिशेला वळविलेल्या संचातूनच जातो.