चाकाची पकड

मनोरी या गावाच्या एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी आहे. मार्वेच्या धक्क्याकडे माणसे व दुचाकी होडीने जातात. परंतु मासळीने अगर भाजीने भरलेला टेंपो उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने फिरून न्यावा लागतो. वाडीच्या तोंडाशी साचलेली वाळू व पावसाळ्यातील ओला डांबरी रस्ता, या दोन ठिकाणी चालकाची परीक्षा होते. दोहोंचे कारण एकच आहे.

बैलगाडी बैल ओढतो. त्याचा खूर जमिनीस मागे रेटतो आणि जमीन बैलास पुढे लोटते. गाडीचे चाक नुसते फिरत असते. मोटारीत खुराचे काम चाकालाच करावे लागते. इंजिन कितीही जोरकस असले तरी टायर जमिनीस जेवढा धरून राहील तेवढाच जोर उपयोगी पडतो. या धरून राहण्यासच घर्षण म्हणतात.

१,२०० किलो वजनाच्या मोटारीच्या प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. टायरमध्ये ३० पौंड दाब असल्यास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.१ किलो, हा भार पेलण्यास सुमारे १४० चौरस सेंटिमीटर जागा लागते. एवढी जागा म्हणजे माणसाचा एक पंजा! चार पंजांएवढ्या जागेवर सारी मोटार उभी असते.

कोरड्या वाळूत चाक रुतले की चालक घाबरून जोर वाढवितो. चाक गरगर फिरते, वाळू मागे उडते, खड्डा खोल होतो व अखेरीस गाडीचे पोट वाळूवर टेकते. म्हणून प्रथम थांबावे. माल उतरवावा, चाकांपुढील वाळू काढून तेथे गोणपाट किंवा माडाच्या झावळ्या अंथराव्यात. टायरमधील हवा अर्ध्यावर आणल्यास टेकणारी जागा जवळजवळ दुप्पट होते व चाक कमी रुतते. मग खालच्या गिअरमध्ये सावकाश गाडी काढावी. पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरलीच पाहिजे. मऊ टायर वेगात तापून फुटतो. समुद्रकिनारा हा रस्ता नव्हे, ही गोष्ट मात्र शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींना कोणी तरी सांगावयास हवी.

ब्रेकचेही तसेच आहे. ब्रेक चाकास अडवितो, गाडीस थांबविते ती जमीन. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर सुमारे ५ मीटरांत थांबते. ६० च्या वेगास २० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर हेच २० मीटर सुमारे ३५ होतात. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ६० च्या वेगात गाडी १७ मीटर आधीच पुढे गेलेली असते. पहिल्या सरीत तेल व धूळ यांचा चिखल होतो. टोपल्यांतून गळणारे मासळीचे पाणी त्यात भर घालते. टेंपोत जादा माल असल्यास ब्रेकला अधिक उष्णता सोसावी लागते व उतारावर तो तापून निकामी होण्याची भीती असते.

ग्रामसेवकांनी गावच्या मैदानात चुन्याने एक आरंभरेघ मारावी. तेथून कोरड्या रस्त्यासाठी ३७ मीटरांवर व ओल्यासाठी ५२ मीटरांवर खूण करावी आणि टेंपोचालकांस ते अंतर पावलांनी मोजावयास सांगावे.