सापसुरळी : आपल्या अंगणातली शेजारीण



पाऊस सुरू झाला की शाळेच्या मागच्या बाजूने हाक येतेच, "सर, साप!" यंदाही आली. पोरं काठ्या घेऊन धावली. मी पोचेपर्यंत दगडापाशी नुसतं लालसर शेपूट वळवळत होतं. तो साप नव्हताच, ते सापसुरळीचं पिल्लू होतं. शेपूट टाकून पळालं, म्हणून वाचलं.

हिला कुणी 'सापाची मावशी' म्हणतं. ती विषारी आहे असं मुलांना आपण मोठी माणसंच सांगतो. खरं तर ती पालीच्या गटातली. तिला विष नसतं.

आपल्याकडे दिसणाऱ्या एका लहान जातीचं शास्त्रीय नाव आहे रियोपा पंक्टाटा. ही भारतात आणि श्रीलंकेत आढळते. शेपूट सोडून अंग जेमतेम बोटाएवढं, खवले गुळगुळीत नि चकचकीत, त्यांवर बारीक काळे ठिपके. पिल्लांचं शेपूट लाल असतं.

ती राहते कुठे? पालापाचोळ्यात, दगडाखाली, कुजक्या लाकडाखाली, भुसभुशीत ओलसर मातीत. तिथेच तिला वाळवी आणि लहान किडे मिळतात. पाय इवलेसे, त्यामुळे पाचोळ्यातून ती सापासारखी सळसळत जाते. फसगत होते ती इथेच.

मुलांना ओळखायच्या तीन खुणा सांगा. सापसुरळीला चार पाय असतात, सापाला नसतात. तिच्या पापण्या मिटतात, सापाला मिटणाऱ्या पापण्या नसतात. तिच्या डोक्याच्या बाजूला कानाचं छिद्र असतं, सापाला ते नसतं. मात्र हे चित्रावरून शिकवा. खात्री नसेल तर लांबच थांबायचं, मोठ्यांना बोलवायचं, हा नियम पक्का.

आणि शेपटीचं काय? तुटलेलं शेपूट वळवळतं, शत्रू त्याकडे बघत राहतो, तेवढ्यात ही पसार. शेपूट पुन्हा वाढतं, पण त्यात मणके नसतात, कूर्चा असते. म्हणजे हा बचाव फुकटचा नाही, गंमत म्हणून शेपूट तोडायला लावू नका.

शेवटी आपल्याबद्दल. स्वच्छतेच्या नावाखाली आपण पाचोळा गोळा करून पेटवतो. त्यात तिचं घर आणि अन्न दोन्ही जळतं. वर्गखोल्यांपासून लांब, कुंपणाच्या कडेला एक कोपरा तरी पाचोळ्यासह तसाच ठेवूया. मुलांच्या हातातली काठी आपोआप खाली येणार नाही. आधी आपल्या मनातली भीती जायला हवी.