संरक्षित निसर्गक्षेत्रांचे नियोजन : बारावीनंतरच्या वाटा

महाबळेश्वर-पाचगणीचा सुमारे १२४ चौरस किलोमीटरचा परिसर केंद्र सरकारने २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. २००३ मध्ये माथेरान आणि २०१६ मध्ये मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचा पट्टा या यादीत आला. अशा क्षेत्रांत वस्ती, शेती आणि पर्यटन चालूच राहते. म्हणून कुठे बांधायचे, कुठे मुळीच बांधायचे नाही, रस्ता कुठून न्यायचा आणि पाणी कुठे मुरू द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. जंगले, ओढे, झरे, देवराया, गवताळ पठारे आणि त्यांना जोडणारे पट्टे यांना मिळून हरित पायाभूत सुविधा म्हणतात, कारण गावाला त्यांची गरज रस्ते आणि नळयोजनांइतकीच असते. त्यांचे नियोजन हे अनेक विद्याशाखांच्या मुलामुलींना खुले असलेले करिअर आहे.

कामाचे स्वरूप

महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्याचा थर आहे. पावसाचे पाणी या सच्छिद्र खडकात मुरते आणि खालच्या उतारावर झऱ्यांतून बाहेर पडते. माथ्यावर काँक्रीट पसरले की पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात खालच्या वाडीचा झरा आटतो. म्हणूनच २००१ च्या अधिसूचनेत झऱ्यांची पाणलोट क्षेत्रे शोधून आराखड्यात राखण्याची तरतूद आहे. हे काम झऱ्यापाशीच सुरू होते. ठरावीक मापाचे भांडे धारेखाली धरायचे, ते भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, जागा जीपीएसवर नोंदवायची आणि वेगवेगळ्या ऋतूंत हीच मोजणी पुन्हा करायची. या नोंदी, खडकांचे थर, उतार आणि जमिनीचा वापर जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) नकाशावर एकत्र आणले की कोणती जमीन मोकळी राखायला हवी ते स्पष्ट होते.

पाण्याप्रमाणेच प्राण्यांच्या वाटाही राखाव्या लागतात. नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी पूल बांधले आहेत. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. तिथल्या कॅमेऱ्यांनी वाघांसह अनेक प्राण्यांची ये-जा टिपली आहे. प्राण्यांच्या वाटा वन्यजीव अभ्यासकांनी ओळखायच्या आणि त्या जागी टिकेल असा पूल स्थापत्य अभियंत्यांनी उभारायचा, अशी ही जोडीची कामगिरी असते.

शिक्षणाचे मार्ग

गणित घेऊन बारावी झालेल्यांना बी.प्लॅन. ही नियोजनाची चार वर्षांची पदवी हा सरळ मार्ग आहे. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये जेईई मेनच्या नियोजनविषयक पेपरमधून प्रवेश मिळतो. आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवी घेतलेल्यांना लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेता येते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आणि मुलींसाठी पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात त्याची सोय आहे.

जीवशास्त्राची आवड असलेल्यांना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी घेता येते. विज्ञान पदवीधरांना पुण्यातील भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पुढील शिक्षण घेता येते. स्थापत्य अभियंते आणि भूगोल किंवा भूशास्त्राचे पदवीधर जीआयएस आणि जलविज्ञान शिकून या क्षेत्रात येतात.

नोकरीच्या संधी

पालकांची पहिली चिंता पोटापाण्याची असते आणि ती रास्त आहे. ‘हरित पायाभूत सुविधा नियोजक’ अशी जाहिरात क्वचितच दिसते. पदे वेगळ्या नावांनी निघतात. राज्याच्या नगररचना विभागात रचना सहायक आणि नगररचनाकार असतात. वनविभागासाठी राज्याची वनसेवा परीक्षा आणि केंद्राची भारतीय वनसेवा परीक्षा असते. खासगी क्षेत्रात पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यतेसाठी जैवविविधता, जलविज्ञान आणि भूवापर या विषयांचे तज्ज्ञ लागतात. त्याखेरीज स्वयंसेवी संस्था आणि संशोधन प्रकल्पांतही काम मिळते, पण त्यातले बरेचसे ठरावीक मुदतीचे असते. घरात पहिल्या दिवसापासून स्थिर पगार आवश्यक असेल, तर नियोजन किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आधी घेऊन पर्यावरणाचे विशेष शिक्षण पदव्युत्तर टप्प्यावर घेणे अधिक सुरक्षित ठरते.

तयारी

क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्याचा सराव अकरावीपासून करता येतो. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी ठेवायच्या लोकजैवविविधता नोंदवहीच्या कामात मदत केल्यास झाडे, पाणवठे आणि गावकऱ्यांचे ज्ञान यांची ओळख होते. नकाशा मांडणे, मराठीत नीट अहवाल लिहिणे आणि ग्रामसभेत विरोधही शांतपणे ऐकून घेणे, ही तिन्ही कौशल्ये लागतात, कारण ज्यांच्या जमिनीवर बंधने येतात त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय कोणताही आराखडा अमलात येत नाही. उन्हापावसातली पायपीट आणि कार्यालयातले बारकाईचे काम दोन्ही आवडणाऱ्या मुलामुलींनी ही वाट निःशंकपणे निवडावी.