भिंतीचा लोणा

2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी आमच्या शाहूपुरीतल्या घरात शिरलं. दिवाळीआधी भिंत बरी दिसावी म्हणून पप्पांनी आणि मी घाईनं पुट्टी मारली. संक्रांतीपर्यंत पोपडे निघाले, खाली पांढरी पूड! मला वाटलं बुरशी, आजी म्हणाली, “अरे, लोणा लागलाय!”

मित्रांनो, विटांतले क्षार ओलीबरोबर वर येतात. पाणी वाळतं, क्षार उरतात. त्यांचे स्फटिक वाढून पुट्टी ढकलतात. म्हणून लोणा कोरड्या ब्रशनंच झाडायचा. ओल्या फडक्यानं पुसला तर पुन्हा आत मुरतो. मग प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओलीच आहे, पुट्टीचा डबा उघडू नका.

आम्ही मे महिन्यापर्यंत थांबलो. पप्पांना थांबवायला मात्र आजीच लागली.