उपघटक ३.४ : शास्त्रीय गद्यातील क्रियापद आणि परिमाण

मागील उपघटकात पारिभाषिक संज्ञा कशा घडतात ते आपण पाहिले. येथे एकच विधान घेऊन त्याची चिकित्सा करायची आहे :

'घर तापवण्याचे एक गॅलन तेल जाळल्यास सुमारे १० किलो कार्बन डायॉक्साइड उत्सर्जित होतो.'

काही वर्षांपूर्वी अनुवादाच्या एका उत्तरपत्रिकेत या आशयाच्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली होती. अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर आणि तेवढ्या तेलाचे वजन साधारण ३.२ किलो. एवढ्या तेलातून दहा किलो वायू कसा निघेल, दशांशचिन्ह चुकले असावे, असा शेरा मी लिहिला. चूक माझी होती. विद्यार्थिनीने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला नसता, तर ती मला कळलीही नसती. गुण तिला परत मिळाले. परंतु ही चूक आली कोठून, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

प्रथम संदर्भ. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत हिवाळा दीर्घ असतो. खेडोपाडी नैसर्गिक वायूची नळवाहिनी पोहोचलेली नाही. त्यामुळे तेथील असंख्य घरांच्या तळघरात तेलाची टाकी असते, टँकर येऊन ती भरून जातो आणि त्या तेलावर भट्टी किंवा बॉयलर चालतो. तेलावर घर तापवणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण मेन या राज्यात त्या देशात सर्वाधिक आहे. हे 'तेल' म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले तेल नव्हे. ते डिझेलचे जवळचे भावंड. (मुळात 'तैल' म्हणजे तिळाचे, खनिज तेलापर्यंतचा या शब्दाचा प्रवास अर्थविस्ताराचे उत्तम उदाहरण आहे.)

आता 'जळणे' हे क्रियापद पाहा. मराठीत ते नाशाच्या अर्थक्षेत्रात वावरते. जळून खाक होणे, राखरांगोळी होणे, जळून गेले म्हणजे संपले. चुलीचा अनुभवही तेच सांगतो : भाराभर जळण घातले तरी सकाळी सुपात मावेल एवढीच राख उरते. जळण्याने वस्तू घटते, हे गृहीतक असे आपल्या भाषेत मुरलेले आहे. 'उत्सर्जन' या संज्ञेने त्यात भर पडते. शालेय जीवशास्त्रातील 'उत्सर्जन संस्था' आठवा; शरीरात जे असते तेच बाहेर टाकले जाते. साहजिकच वाचक समजतो की दहा किलो वायू तेलाच्या पोटातच होता.

वस्तुस्थिती निराळी आहे. एका गॅलन तेलात सुमारे पावणेतीन किलो कार्बन असतो. जळताना त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो. वजनाने १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन मिळून ४४ भाग कार्बन डायॉक्साइड तयार होतो. म्हणजे पावणेतीन किलो कार्बन हवेतून सव्वासात किलोंहून थोडा अधिक ऑक्सिजन घेतो. बेरीज दहा किलो. तेलातील हायड्रोजनची वाफ होते, तिचा हिशेब वेगळा. म्हणून शास्त्रीय गद्यात 'निघतो', 'बाहेर पडतो' यांपेक्षा 'तयार होतो' हे क्रियापद अधिक प्रामाणिक ठरते. 'उत्सर्जन' ही संज्ञा आता रूढ झाली आहे, ती टाकून देता येणार नाही. मात्र तिच्या आधी निर्मितीचे क्रियापद एकदा तरी यावे.

याहून गंभीर धोका संक्षेपाचा आहे. वृत्तपत्रीय लेखनात जागा वाचवण्यासाठी 'डायॉक्साइड' गाळून नुसते 'कार्बन' लिहिण्याची सवय बळावली आहे. एखाद्या कुटुंबाने हिवाळ्यात २५० गॅलन तेल जाळले, तर सुमारे अडीच टन कार्बन डायॉक्साइड तयार होतो. पण त्यातील कार्बन सातशे किलोंच्या आसपासच असतो. काही अहवाल कार्बनचे वजन देतात, काही कार्बन डायॉक्साइडचे. अनुवादकाने एक शब्द गाळला, तर आकडा तोच राहून अर्थ पावणेचार पटींच्या जवळपास बदलतो. शुद्धलेखनाच्या चुकीपेक्षा ही चूक मला अधिक अक्षम्य वाटते, कारण ती वाचकाच्या नजरेस पडत नाही.

तुलनावाचक विधानातही असाच सांभाळ हवा. 'तेल वायूपेक्षा ४० टक्के अधिक प्रदूषण करते' हे वाक्य अपुरे आहे. तितकीच उष्णता मिळवण्यासाठी तेल जाळल्यास नैसर्गिक वायूच्या तुलनेत सुमारे ४० टक्के अधिक कार्बन डायॉक्साइड तयार होतो, असे म्हणावे लागते. वाक्य लांबले तरी चालेल. 'तितकीच उष्णता' हे शब्द गेले, की तुलनेचा पायाच जातो.

स्वयं-अध्ययनासाठी

आपल्या घरातील स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो आणि त्यात वजनाने सुमारे ८२ टक्के कार्बन असतो. एक सिलिंडर संपेपर्यंत किती कार्बन डायॉक्साइड तयार होतो, हे वरील रीतीने काढा. उत्तर ४२ ते ४३ किलोंच्या दरम्यान यावे. नंतर हीच माहिती सातवीतील मुलाला समजेल अशा तीन वाक्यांत लिहा. त्यांत 'उत्सर्जन' हा शब्द वापरू नका.