उद्याचं काम, आपल्याच शिवारात

प्रश्न : आमच्या नववीच्या वर्गाला ‘भविष्यातील करिअर’ या विषयावर डिजिटल कथा करायच्या आहेत. मुलं इंटरनेटवरून रोबोटची चित्रं उतरवतात. प्रकल्प कसा आखावा?
– एक शिक्षिका, साक्री

उत्तर : सुरुवात जवळच्या बदलत्या कामापासून करा. तुमच्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे; जळगावात जैन इरिगेशन ऊतिसंवर्धनाने केळीची रोपं तयार करते. अशा क्षेत्रात काम करणाऱ्या एकाच माणसाला प्रत्येक गटाने भेटावं. तीन प्रश्न पुरेत : काम कसं शिकलात? त्यात काय बदललं? पुढे कोणतं कौशल्य लागेल? उत्तरं अहिराणीत आली तर तशीच ठेवा, खाली मराठी ओळी द्या.

मग २०४० सालातला एक दिवस लिहायला सांगा. पात्र मात्र गावातलंच हवं. दोन मिनिटांच्या कथेला सुमारे अडीचशे शब्द आणि दहा-बारा चित्रं पुरतात. आधी कागदावर चौकटी आखा, मगच मोबाइल हातात द्या. चित्रीकरणापूर्वी परवानगी घ्या. गुण देताना सजावटीपेक्षा चौकशीला महत्त्व द्या. शेतमजुराच्या मुलीला आपल्या शिवारातच उद्याचं काम दिसलं, तर प्रकल्प सार्थकी लागला.